यंदा नाही

बाबा, सकाळपासून मी घरात नुसत्या येरझारा घालतेय. चहा केला, विसरले, गार झाला, परत गरम केला आणि तो आता पुन्हा गार झालाय. तुमच्या पक्षाची माणसं संध्याकाळी माझं उत्तर न्यायला येणार आहेत. तुम्ही लढवायचात ती आमदारकीची जागा आता मी लढवावी, हो की नाही एवढंच त्यांना हवंय.

तुम्ही डहाणूजवळच्या कैनाडच्या आपल्या पाड्यावरून शिकायला बाहेर पडलेले पहिले. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवता शिकवता आमदार झालात, तरी वर्गातली खोड काही गेली नाही. सभेतसुद्धा प्रत्येक मुद्द्यानंतर थांबून "समजलं का?" विचारायचात. माणसं माना डोलवायची. तेवढ्यावर तुमचं भागत नसे. मागच्या एखाद्याकडे बोट करून म्हणायचात, "तू सांग बरं, मी काय म्हणालो?" मत मागायला आलेला माणूस मतदाराचीच तोंडी परीक्षा घेतो, हे मी दुसऱ्या कुठल्या पुढाऱ्याचं पाहिलं नाही. कार्यकर्ते कपाळाला हात लावायचे, मला हसू यायचं. पाड्यावर सगळे तुम्हाला 'अरे मास्तर' म्हणत. घरात मात्र आम्ही अहोजाहो करायचो. ते तुम्ही कधी मोडलं नाहीत, याचा राग अजून आहे.

तुमच्या शेवटच्या निवडणुकीत तलासरीकडच्या सभेत मी पुढेच बसले होते. एक म्हातारी उठून म्हणाली, "मास्तर, तुझा झाला? आता माझा आयक. यंदा नळाला पाणी येल का?" शेजारचा कार्यकर्ता तुमच्या कानाशी कुजबुजतो, "हो म्हणा." तुम्ही मात्र टाकी, पंप, वनखात्याची परवानगी असं सगळं धड्यासारखं समजावता आणि शेवटी म्हणता, "यंदा नाही. पुढच्या वर्षीही नाही." वर पुन्हा, "समजलं का?" म्हातारी म्हणते, "समजला ना," आणि खाली बसते. दुसऱ्याच दिवशी समोरचा उमेदवार तिथे येऊन दिवाळीचा वायदा करून गेला.

परतताना जीपमध्ये मी तुमच्यावर भडकले. हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, "मग निवडून आल्यावर या पाड्यावर कुठल्या तोंडाने येऊ?" मी म्हटलं, "आणि पडल्यावर?" पडलात. निकालानंतर लगेच रजा रद्द करून तास घ्यायला गेलात, आणि आई दिवसभर चुलीपाशी बसून राहिली. पाणी पुढे आलं, तुम्ही सांगितलं होतंत तसंच उशिरा. तेव्हा तुम्ही नव्हतात.

आता मीही त्याच कॉलेजात शिकवते. लोक म्हणतात, मास्तरांची मुलगी, खोटं बोलायची नाही. आणि मी सगळ्यांना सांगत सुटलेय की मला राजकारणात यायचं नाही, पक्षाचे लोकच मागे लागलेत, बाबांचं काम अपुरं राहिलं म्हणून विचार करतेय. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगते. कोणी मागे लागलेलं नाही. पक्षाला पहिला निरोप मीच पाठवला. ही जागा मला हवी आहे, माझ्यासाठी हवी आहे, आणि मला हरायचं नाहीये.