माझे सूर कुणी दुरुस्त करू नयेत

मी, शशिकला त्र्यंबकराव, वय बहात्तर, अविवाहित, निवृत्त टंकलेखिका, राहणार पश्चिम तांबरम, चेन्नई, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कुणाच्याही दडपणाला भीक न घालता लिहून ठेवत आहे. माझा उजवा हात थरथरतो. डोके थरथरत नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला शंभरापासून उलटे मोजायला लावले आणि मध्येच त्यांचे स्वतःचेच चुकले, हे दाखल्यात लिहिलेले नाही म्हणून येथे लिहिते.

आमचे वकील श्री. शेषगिरी म्हणाले की अक्षर वाकडे येते आहे तर टाइप करून घेऊ, आणि इंग्रजीत केलेले बरे. मी नोकरीची सारी वर्षे दुसऱ्यांचे इंग्रजी टाइप केले. माझा शेवटचा कागद माझ्या भाषेत आणि माझ्या हातचा असेल. कोर्टाला भाषांतर हवे असेल तर ते शेषगिरींनी करून द्यावे. आमची मराठी तंजावरकडची आहे. पुण्याच्या कुणी वाचलीच, तर त्याने नाक मुरडू नये.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते आणि त्यात सर्व काही धाकटा भाऊ विजयेंद्र याला दिले होते. ते मी रद्द करते. कारण पुढे येईलच.

१. तांबरमचा फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा आहे. तो आणि बँकेतली शिल्लक विजयेंद्रची मुलगी लावण्या हिला द्यावी. ती शोळिंगनल्लूरला नोकरी करते आणि घरमालकाच्या तालावर नाचते. तिने या घरात राहावे, ते विकावे, भाड्याने द्यावे, काहीही करावे. अट एकही नाही. अटी घालणाऱ्या लोकांत मी वाढले, तेवढे पुरे झाले.

२. माझा टाइपरायटर भंगारात द्यावा. कुणीही तो दिवाणखान्यात शोभेला मांडू नये. त्याच्यावर काम करताना एक अक्षर चुकले की साहेब अख्खे पान फाडून टोपलीत टाकत, माझ्याकडे न बघता. साहेब वारले तेव्हा मी भेटायला गेले होते, कारण रीत पाळावी लागते. मला वाईट वाटले नव्हते.

३. माझे हेडफोन विजयेंद्रला द्यावेत. त्याला एवढेच मिळेल.

आमचे अप्पा कीर्तनकार होते. विजयेंद्रचा गळा गोड म्हणून त्याला गाणे शिकवले. माझा आवाज घोगरा म्हणून मला टायपिंगच्या क्लासला घातले. क्लासच्या शेजारी चर्च होते. तिथे संध्याकाळी कुणीतरी ऑर्गन वाजवायचे. ते तीनशे वर्षांपूर्वीचे युरोपातले संगीत होते आणि त्याला बरोक म्हणतात, हे मला पुष्कळ उशिरा कळले. पण कानाने ते तेव्हाच धरून ठेवले होते. त्यात फ्यूग नावाचा एक प्रकार असतो. एक आवाज बोलायला लागतो, मग दुसरा तेच म्हणत आत शिरतो, मग तिसरा, आणि दुसरा आला म्हणून पहिल्याला कुणी गप्प करत नाही. आमच्या घरी अप्पा बोलू लागले की बाकीच्यांनी तोंड मिटायचे असा नियम होता. मला त्या संगीताचे इतके वेड का लागले, हे आता कुणी विचारू नये.

निवृत्त झाल्यावर मी डिजिटल पियानो घेतला. एक बटण दाबले की त्यातून ऑर्गन निघतो, दुसरे दाबले की हार्पसिकॉर्ड, म्हणजे जुन्या काळचा तारा छेडणारा पियानो. स्वरलिपी वाचायला मी पुस्तकावरून शिकले. बोटांना शिकवावे लागले नाही. दहाही बोटे वेगवेगळी चालवायची सवय त्यांना पोटासाठी लागलीच होती. वाजवलेले मी इंटरनेटवर माझ्या चॅनलवर ठेवू लागले, फुकट, ज्याला हवे त्याने ऐकावे म्हणून. विजयेंद्र त्यावर म्हणाला, "अक्का, त्या पेटीत गमक निघत नाही, ते संगीतच नव्हे. आणि ह्या वयात चुकत चुकत जगाला कशाला ऐकवायचं? पोदुम आता. लोक हसालेत." पोदुम म्हणजे पुरे. मी पुरे केले नाही. त्याने हेडफोन लावून, कुणाला न कळता, एकदा तरी ऐकावे. लाज वाटत असेल तर दार लावून घ्यावे.

४. पियानो खालच्या मजल्यावरच्या सौ. वसंता यांना द्यावा. त्याही आमच्यातल्याच, तंजावरकडच्या. यावर माझ्या घरचे चकित होतील, कारण माझ्याविरुद्ध सोसायटीकडे पहिली तक्रार यांचीच होती. त्या तक्रारीनंतर मी हेडफोन लावून वाजवू लागले. त्याने आवाज बंद झाला, पण पट्ट्यांची धपधप खालच्या छतातून जातच राहिली. एक दिवस वसंता वर आल्या. मी भांडणाच्या तयारीने दार उघडले.

त्या म्हणाल्या, "अक्का, मला एक सांगा. रोज तिथंच का अडता? जिना उतरताना पाय सटकावा तसं होतंय. मी खाली सांबार ढवळत थांबून राहते, आज तरी पुढं जातील म्हणून."

मी त्यांना आत बोलावले, हेडफोन काढले आणि तो भाग वाजवून दाखवला. मी तिथेच अडले. दोघी हसलो. तेव्हापासून मी हेडफोन लावलेले नाहीत आणि सोसायटीच्या दोन नोटिसा माझ्या फडताळात आहेत. त्या पियानोबरोबर वसंतांनाच द्याव्यात. त्यांना वाजवता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पियानोवर भरतकामाचा रुमाल घालून वर फुलदाणी ठेवू नये, एवढे माझे ऐकावे. इमारतीतल्या ज्याला वाटेल त्याने येऊन तो मोठ्याने बडवावा. येत नसेल तरी बडवावा.

५. आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा सारा खटाटोप आहे.

विजयेंद्रचा मुलगा सुधींद्र सिरुसेरीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. बापासारखा नाही, प्रेमळ आहे. माझी वाजवणी चॅनलवर चढवण्याचे काम तोच करतो. हा पियानो नुसता आवाज साठवत नाही. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोराने दाबली, तेही लिहून ठेवतो. म्हणजे चुकीचा सूर नंतर काढून योग्य सूर बसवता येतो, मागेपुढे झालेले बोट ओळीत आणता येते. हे मला माहीत नव्हते. सुधींद्रला होते.

माझ्या हाताची थरथर सुरू झाली त्या सुमारास चॅनलवर कौतुक वाढले. परदेशातले लोक लिहू लागले की काय सफाई, काय वेग. मी हुरळले. औषध लागू पडले असे मला वाटले. मग वसंतांनी आपल्या मोबाइलवर ते ऐकले आणि वर येऊन म्हणाल्या, "अक्का, हे तुम्ही नव्हे. तुम्ही तिथं अडता."

मी सुधींद्रला बोलावून विचारले. तो लपवत बसला नाही. "आत्या, फक्त चुका काढल्या. बाकी सगळं तुमचंच आहे."

"किती काढल्यास?"

तो म्हणाला, "थरथर वाढेल, आत्या. हात थांबला तरी चॅनल थांबायला नको. तुमचं वाजवणं इतकं जमलंय माझ्याकडे, वाजवायचे राहिलेले तुकडे कम्प्युटर तुमच्यासारखेच वाजवेल. कुणाला कळणार पण नाही."

"मला कळेल."

"तेव्हा तुम्ही..." असे म्हणून तो थांबला. त्याला वाक्य पुरे करवेना. तेव्हा मी त्याच्याशी बोलणे बंद केले. त्याने रागाने केले असते तर मी एवढी दुखावले नसते. रविवारमागून रविवार तो येत राहिला, आणि मी पाठ फिरवून बसलेली असताना त्याने एकेक सूर जिथे होता तिथे परत ठेवला. कौतुक करणारे निम्मे लोक निघून गेले.

म्हणून मी लिहून ठेवते. माझ्या कोणत्याही वाजवण्यातली चूक, अडखळ, थरथर कुणीही काढू नये. जे तुकडे मी वाजवले नाहीत, ते माझ्या नावावर कुणी, कशानेही वाजवू नयेत. ते राहिले म्हणजे राहिले. सर्व ध्वनिमुद्रणे सर्वांना फुकट मोकळी राहावीत. हसणाऱ्यांचे शेरेही पुसू नयेत, त्यांनी खुशाल हसावे. या बोटांनी चाळीस वर्षे दुसऱ्यांचे बरोबर लिहिले. त्यांनी स्वतःचे म्हणून जे चुकीचे वाजवले, ते माझे आहे, आणि ते मी कुणालाही देत नाही.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी सुधींद्रने करावी. चॅनलचा पासवर्ड त्याच्याकडेच राहावा. त्याला मिळकतीत वाटा नाही, फक्त काम आहे. साक्षीदाराला काही न देणे बरे, असे शेषगिरी म्हणाले. मी म्हटले, मग साक्षीदारही तोच. तो माझे सूर दुरुस्त करू शकतो हे मला ठाऊक आहे, म्हणून त्याने ते करू नये ही जबाबदारी मी त्याच्यावरच टाकते. घरात दुसऱ्या कुणावर माझा इतका भरवसा नाही.

वरील सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि त्यातला एक शब्दही मागे घेत नाही.

ठिकाण: पश्चिम तांबरम, चेन्नई
दिनांक: १७ ऑगस्ट २०२५

(सही) शशिकला त्र्यंबकराव

साक्षीदार पहिले: शेषगिरी, वकील, क्रोमपेट. लिहून देणार बाईंनी आम्हा दोघांच्या समक्ष, पूर्ण शुद्धीत सही केली. आम्ही दोघांनी त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार दुसरे: सुधींद्र विजयेंद्रराव, सिरुसेरी. मला मराठी लिहायची सवय नाही, माफ करा. आत्यांनी माझ्यासमोर सही केली. 'क' लिहिताना हात हलला आणि रेघ खालच्या ओळीत गेली. शेषगिरी सर म्हणाले, परत एकदा करून घेऊ. मी म्हणालो, नको सर. हीच त्यांची सही आहे.