वापरातलं कुलूप

सोमवार, ३ मार्च

पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

आमच्या फोनवरच्या कुलूपवेड्यांच्या गटावर प्रमुख बाईंनी प्रश्न टाकलाय — 'इथं का आलात? आणि आल्यावर का राहिलात?' रविवारपर्यंत प्रत्येकानं लिहायचं. उत्तरांचा पाऊस पडलाय. एका दातांच्या डॉक्टरनं लिहिलं, 'दिवसभर लोक न सांगता आ करतात. एक तरी गोष्ट उघडायला कष्ट पडावेत!' मी एकटाच हसलो.

माझ्या येण्याचं कारण सोपं. सायकलच्या कुलपाची किल्ली हरवली होती. राहण्याचं अवघड. बाहेर कुणीही भेटो, दुसरं वाक्य 'शिक्षण किती?' आठवी म्हटलं की समोरच्याचा चेहराच बदलतो. गटात विचारतात, 'किती पिनांचं कुलूप?' बस्स. पण हे लिहिलं की कळलंच ना सगळ्यांना!

'सावकाश'चं उत्तर आलं. खरं नाव माहीत नाही. इथं कुणाचंच नसतं. मला किल्लीऐवजी आकडा धरायला त्यांनीच शिकवलं, नुसतं लिहून. 'जोर नको. ऐक आधी. बोटांनी ऐक.' एकदा म्हणाले, 'तुझं लिहिणं शुद्ध असतं रे, वाचायला बरं वाटतं.' तो निरोप मी जपून ठेवलाय.

त्यांनी लिहिलंय — 'बायको गेल्यावर तिच्या पेटीची किल्ली सापडेना म्हणून आलो. पेटी उघडली. तरी राहिलो, कारण आत काय होतं ते तुम्ही कुणी विचारलं नाहीत.'

बुधवार, ५ मार्च

पितळी कुलूप अखेर उघडलं! सावकाशना कळवलं. 'शाबास. आता तोंड फळीकडे.'

ही आमची रीत. प्रत्येकाच्या घरी एक फळी, तिच्यावर कुलपं. उघडून झालेलं कुलूप परत लावताना नाव कोरलेली बाजू फळीकडे करायची. बघणाऱ्याला कळतं — हे झालं. ताई म्हणते, "तुझी कुलपं रुसून बसल्यासारखी दिसतात." दाजी भेटेल त्याला सांगतात, "आमचे मेहुणे घरफोडीचा क्लास करतात!" मी काम करतो त्या धुलाईकेंद्रात मुकादमांनाही सांगून ठेवलंय. दाजींची गंमत होते. माझा जीव जातो.

नियम दोनच आहेत: कुलूप स्वतःचं हवं आणि ते वापरातलं नको. मोडला की गटातून बाहेर. कारण विचारत नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

कामावर बोंबाबोंब. गिऱ्हाइकाच्या कोटात घड्याळ होतं म्हणे, आता नाही. कोट इस्त्रीवाल्या काकांच्या टेबलावर होता. काका कालपासून रजेवर, डोळा दाखवायला गेलेत. सोमवारी येतील.

मुकादम घड्या घालणाऱ्यांच्या रांगेतून फिरत होते. माझ्यापाशी थांबले. माझी घडी चुकली, पुन्हा घातली.

शुक्रवार, ७ मार्च

बोलावलंच.

"काय रे कुलूपवाल्या, काकाचं कपाट उघड."

"साहेब, ते येऊ देत. ते स्वतःच—"

"आल्यावर उघडून काय पूजा करायची?"

"दुसऱ्याचं मी उघडत नाही. आमचा नियम आहे."

"आमचा? आमचा म्हणजे कुणाचा? फोनवरच्या टोळक्याचा? पगार ते देतात का?" मग आवाज खाली आणून, "हे बघ, तुझ्या दाजीच्या शब्दावर ठेवलाय तुला. आठवीवाल्याला दुसरीकडे कोण उभं करतं? नसेल उघडायचं तर सोमवारपासून येऊ नकोस."

ताईचे दिवस भरत आलेत. मी तिच्या घरात राहतो. हे सगळं डोक्यातून गेलं, आणि लाज वाटते लिहायला — हेही गेलं की कुलूप चार पिनांचंच, सोपं आहे.

उघडलं. एक ओरखडा नाही.

आत टॉवेल, डबा, चष्म्याचं घर, एक बायकी रुमाल. मुकादमांनी सगळं उपसलं. घड्याळ नव्हतंच. "हं. लाव परत," म्हणाले आणि गेले. मी एकेक वस्तू होती तशी ठेवली. रुमालाची घडी दोनदा घातली, मूळची होती तशी येईपर्यंत. कुलूप कसं लावलं आठवतही नाही.

गटावर गेलो नाही.

शनिवार, ८ मार्च

घड्याळ गिऱ्हाइकाच्या गाडीत सापडलं, सीटखाली. मुकादम हसत सांगत होते. "बरं झालं ना, काका सुटला!" मला म्हणाले, "तोंड बंद ठेव, त्याला कळायचं काही कारण नाही."

खरंच नाही. सगळं जागच्या जागी आहे.

रविवार, ९ मार्च

प्रमुख बाईंनी नाव घेऊन विचारलं, 'तुझंच उत्तर राहिलंय रे.' सावकाशनी लिहिलं, 'घाई नको. लिहील तो सावकाश.' सगळे हसले.

मी काय लिहू?

सोमवार, १० मार्च

जेवणाच्या सुट्टीत गटावर सावकाशचा निरोप आला:

'आज मला कोण आनंद झालाय! डोळ्यासाठी रजेवर होतो. कामावर परत येऊन बघतो तर माझ्या कपाटाचं कुलूप तोंड आत करून लावलेलं. आतलं काही हललेलं नाही. म्हणजे आमच्या धुलाईकेंद्रात आपल्यातलं कुणीतरी आहे आणि मला हाक मारून गेलंय! वापरातलं उघडलंस म्हणून कान धरीन, पण बाईंनी यावेळी माफ करावं. कोण रे तू? इतके दिवस एका छताखाली होतो आपण.'

मान वर केली. इस्त्रीच्या टेबलापाशी काका डबा उघडा ठेवून एकेकाच्या हातांकडे बघत होते. चेहऱ्यावर हसू.

मी हात खिशात घातले.