ब्रेकचा दिवस

८ जानेवारी २०२५, देगलूर
रुजू झाले! वर्षाराणी मठपती, डेटा एन्ट्री ऑपरेटर, तालुक्याचं कार्यालय. नेमणुकीची ऑर्डर अकरा महिन्यांचीच आहे, पण देवणीत घरी बसून आईचे टोमणे ऐकण्यापेक्षा लाख पटीनं बरं. टेबल खिडकीजवळ मिळालं. शिपाई वैजनाथमामांनी हजेरीचं मस्टर पुढं केलं, पेनही त्यांनीच दिलं. खोलीही झकास आहे. घरमालकीण गौरम्मा अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलतात. न जेवता झोपायचं न्हाई, असा पहिल्याच दिवशी दम दिला त्यांनी. आता मस्त ताणून देणार.

१४ ऑक्टोबर
आळशीपणा माझा, इतके महिने वही उघडलीच नाही. ऑर्डर ७ डिसेंबरला संपते. साहेब म्हणाले, आठला एक दिवसाचा ब्रेक, नऊला नवी ऑर्डर, तीही काम बघून. ब्रेकच्या दिवशी मस्टरवर सही करायची नाही. सलग नोकरी दिसली की माणूस कायम होण्यासाठी कोर्टात जातो, म्हणून सही केली की ऑर्डर गेली. मागं स्वप्नाली म्हणून एक मुलगी होती, ती सवयीनं आली, सवयीनं सही करून बसली आणि कायमची घरी गेली. हे ऐकल्यापासून माझी झोप उडालीय. डोळा लागलाच तर स्वप्नातही टायपिंग चालू असतं.

१७ नोव्हेंबर
काल रविवार, दिवसभर खोलीत पडून होते. आज मामा म्हणाले, पोरी, ऐतवारी कशाला येतीस, तब्येत बघ की जरा. ते पाणी भरायला गेले होते, तेव्हा मी म्हणे टेबलावर होते. मी गेलेच नव्हते. पण माझ्या लॉगिनमधून काल चाळीस अर्ज भरलेत आणि एकही चूक नाही. साहेब खूश आहेत.

२६ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका, झोपा. मला झोपायचीच भीती वाटते. सकाळी पोचले तर मस्टरवर सही आधीच झालेली. माझीच. खुर्ची गरम लागली. साहेब म्हणाले, हल्ली तुम्ही चहालाही उठत नाही, अशीच माणसं पाहिजेत. मी तर रोज दोनदा उठते.

५ डिसेंबर
मी झोपले की ती, ती दुसरी मी, ऑफिसात जाते. सोमवारी ती सही करणार. मग संपलं सगळं — आईला काय सांगू? नोकरी गेली तर मी काय करू?

७ डिसेंबर
गौरम्मांना एवढंच सांगितलं की मी झोपेत चालते. उद्या सकाळी बाहेरून कुलूप लावा, संध्याकाळी सहापर्यंत काढू नका. हाव, लावते म्हणाल्या. मी जागीच राहणार. मी जागी असले की ती जाईल कशी?

८ डिसेंबर
सकाळी १० — जागी आहे. कुलूप आहे, दार ओढून पाहिलं.

११.२० — मामांचा फोन. आज कशाला आलीस, घरी जा म्हणे. खुर्चीत बसलीस, हाक मारली तर वळंना झालीस, म्हणून फोन लावला. तू तर हितंच बसलीस, मग हा फोन कुणी उचलला, म्हणाले — आणि ठेवूनच दिला त्यांनी.

४.०५ — साहेबांना फोन करून विचारलं, माझी सही झाली का? नाही म्हणाले. तुम्हीच म्हणालात ना, आज सही नको, पगार नको, नुसतं काम करते. म्हणून उद्याची ऑर्डर आजच काढली, आत्ताच दिली की तुमच्या हातात —

रिकामे आहेत माझे हात.

५.५० — बाहेर गौरम्मा. कुणाशी तरी बोलताहेत. बाहेर कवा गेलीस, पेढे आणलीस काय गं, म्हणताहेत. दार बडवलं. ओरडले. माझं नाव सांगितलं —

गौरम्मा विचारताहेत, मग आत कोण हाय?

ती हसली. माझ्यासारखीच. म्हणतेय, कुणी न्हाई, घूस शिरली असंल. किल्ली द्या इकडं, मीच बघते —

कुलूप —