दुसऱ्या देशाचं पाणी

प्रिय रूपे,

पत्र पाहून हसशील, हसून घे. फोनवर भांडायला लागलं की तू मधेच तुझ्या तान्ह्या स्वराला कॅमेऱ्यासमोर धरतेस, ती तिचं बोळकं दाखवते आणि माझा राग पातळ होतो. आज मला तो पातळ होऊ द्यायचा नाही.

आई तुझ्याकडनं, सिंगापूरहून येऊन पंधरवडा झाला, पण विमानातून अजून पुरती उतरलेली नाही. माहेरी केदारखेड्यात आपल्या वसंतादादाच्या ओट्यावर बायका जमतात आणि हिची कथा सुरू होते. म्हणे तिथं आधी नुसतं बंदर होतं. इंग्रजांनी नदीकाठी गोदामं उभी केली, होड्यांतला माल फळीवरून माणसं पाठीवर वाहायची. तुझ्या नवऱ्यानं, स्वानंदरावांनी जुने फोटो दाखवले, तर तिला त्यात जालन्याच्या मोंढ्यातले, धान्याची पोती वाहणारे हमालच दिसले. कुणाचाही माल येवो, जकात नाही, म्हणून जगभरच्या बोटी तिथंच लागल्या. आता त्याच गोदामांत बसून लोक कॉफी पितात आणि मागं उंचच उंच बँका. त्यातल्या एकीत तू कितव्या मजल्यावर बसतेस ते ती दर वेळी एक मजला वाढवून सांगते.

मी जळते, रूपे. साफ सांगते. तुझ्या पगारावर नाही जळत, तुझ्या त्या गावावर जळते. होतं काय त्याच्याकडं? ना वावर, ना विहीर. आणि आमचं जालना? सोन्याचा पाळणा म्हणायचे त्याला. आता आम्हालाही बंदर आलंय, बिनपाण्याचं, मालाचे डबे रेल्वेवर चढवायचं. हे मी कौतुकानं सांगितलं तर आई तोंडाला पदर लावून हसली. आपलंच माणूस असं हसलं की लागतं गं.

पण खरी आग वेगळीच आहे. माझ्या लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली. आई जाफराबादला माझ्याकडं आली की तिच्या पिशवीतून तिची शिदोरी आणि पाण्याची बाटली निघते. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही तिची रीत. मला लेकरू झालं नाही. दवाखाने झाले, नवस झाले, तुला सगळं ठाऊक आहे. म्हणजे माझ्या हातचं तिला कायमचंच वर्ज्य. मी पुरणपोळ्या करायच्या आणि तिनं समोर बसून गार भाकरी खायची. तू बाळंत झालीस, ती तुझ्या घरी जेवली, ते बराबरच होतं. मी मन मारून घेतलं होतं.

मंग परवा ती माझ्याकडं आली. आमचे हे तिच्या फोनमधले फोटो बघून राह्यलेले. एका फोटोत तू पलंगावर बसलेली, पोट हे एवढं पुढं आलेलं, आणि शेजारी आई स्वतःच्या ताटात वरण-भात कालवतेय. रूपे, पोट पुढं आलेलं! स्वरा अजून यायचीच होती. फोन तिच्यापुढं धरून मी विचारलं, इथं कुठं गेल्ती तुझी रीत?

आई आधी गडबडली. घरनं नेलेलं पीठ चारच दिवस पुरलं म्हणाली, बाटली तर विमानात चढायच्या आधीच काढून घेतली. आणि मंग अगदी वकिलासारखी म्हणाली, "अगं, तिथलं काहीच तिथलं न्हाई. नळाला पाणी दुसऱ्या देशाचं, तांदूळ तिसऱ्याच देशाचा, भाजी चौथ्याची. रूपालीच्या घरचं त्यात काय होतं? म्हणून खाल्लं."

इतकी वर्षं गिळलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. म्हणाले, "हे पाणी टँकरचं, कोणत्या धरणाचं मला ठाऊक न्हाई. कांदे भोकरदनच्या बाजारातले. तेल कुठल्या कारखान्याचं कोण जाणे. आन् ज्वारी तर तुह्याच वावरातली. आता दाखव, यात माह्या घरचं काय हाय?"

ती पिठाच्या डब्याकडं बघत उभी राहिली. मंग मोरीत जाऊन हात धुतले, पाटावर बसली आणि म्हणाली, वाढ. मेथीची भाजी, भाकरी, ठेचा, एवढंच होतं घरात. भाजीत मीठ जास्त पडलेलं, तरी तिनं दुसरी भाकरी मागितली. माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायली. मी गॅसकडं तोंड करून रडले.

काल स्वानंदरावांचा दादाला फोन आला. स्वराला सांभाळायला आईला कायमचं तिकडं न्यायचं, कागदं करून राह्यलो म्हणाले. आई म्हणते, दोन्ही लेकींना विचारून सांगते. म्हणून हे पत्र. मी नाही म्हणते, रूपे. तुझ्या गावाला पहिल्यापासून सगळं बाहेरून आणायची सवय आहे, त्याला लेकरू सांभाळणारी एक बाईही मिळेल. माझ्या घरी आई आत्ता कुठं जेवायला लागली आहे. येत्या गुरुवारी येते म्हणालीय, शिदोरी न घेता.

तुझीच, अजून थोडी जळणारी,
वंदाताई