दिली शहरातल्या सुनावणीआधी

मी, एर्मेलिंदा पेरेरा शिमेनेस, वय पंचावन्न, विधवा, राहणार केलिकाई, जिल्हा बावकाऊ, तिमोर-लेस्ते. काम, मुलांची उंची-वजने घेऊन पोषणाचा अभ्यास करणे. हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मला भीती वाटते आहे, पण आजार कोणताही नाही. तेवढ्यावरून कोणी हा लेख रद्द ठरवू नये.

उद्या मी राजधानीत, दिलीला, संसदेच्या समितीपुढे साक्ष द्यायला निघते आहे. शाळेच्या जेवणात बाहेरून आणलेल्या जुन्या तांदळाऐवजी गावच्याच वाड्यांतला मका, शेंगा आणि अंडी द्यावीत, असा कायद्याचा मसुदा आहे. दोन्ही जेवणांवरची मुले आम्ही वर्षानुवर्षे मोजली. नुसत्या भातावरची खुरटलेलीच राहिली. हे मला तिथे सांगायचे आहे, आणि शाळांना तो तांदूळ पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला ते नको आहे.

१. घर व मागची वाडी नणंद फेलिस्मिना हिला. माझ्या नवऱ्याला अखेरच्या दुखण्यात तिनेच भरवले.

२. दीर अगापितो यास काहीही देऊ नये. गेल्या रविवारी तो चर्चमधून परस्पर माझ्याकडे आला. कॉफी पिता पिता म्हणाला, "वहिनी, घाटात गाड्या दरीत जातात हं. जपून."

"हे तू म्हणतोस, की तुला कोणी म्हणायला लावलंय?"

"मला पोरंबाळं आहेत, वहिनी. जास्त विचारू नका."

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलच्या ब्रेकची तार कापलेली निघाली. ती त्याने कापली असे माझे म्हणणे नाही. पण कॉफी त्याने निवांत संपवली, ते मी विसरणार नाही. मोटारसायकल भंगारात द्यावी. मी बसने जाणार आहे, आणि बसचीही मला भीती वाटते.

३. वजनकाटा आणि उंची मोजायची फळी माझी सहकारी नातालिना फ्रेइतास हिला. फळी उन्हात ठेवू नये, वाकते.

४. आमच्याकडे रिवाज असला तरी माझ्या मातीला म्हैस कापू नये, आणि पंगतीसाठी कोणाच्या घरचे बियाणे शिजवू नये. मी लहान असताना, लढाईच्या काळात, आम्ही मातेबियान डोंगरात लपलो होतो. आई रानशेंगा उकळत होती. त्यांचे विष जाईपर्यंत पाणी बदलत राहावे लागते. माझा धाकटा भाऊ दुआर्ते याला तेवढा धीर निघाला नाही. आई पाणी आणायला वळली आणि त्याने झाकण उचलले. संध्याकाळी आईने त्याला केळीच्या पानांत गुंडाळले. अजून कुठे भांड्यावर झाकण वाजले की मी हातातले काम टाकून तिकडे धावते. लोक समजतात, मी मुलांच्या मायेपोटी गावोगाव फिरते. मी त्या आवाजाला घाबरून फिरते.

५. मी दिलीला पोहोचले नाही, तर माझी साक्ष समितीपुढे नातालिना फ्रेइतास वाचेल.

खाडाखोडीबाबत खुलासा: कलम ५ मधील नाव मी आज दुपारी खोडले होते. नातालिना गरोदर आहे. मी तिला म्हटले, "तू नको. साक्ष टपालाने पाठवू."

"ताई, टपालाने आलेलं कोण वाचतंय? त्यांच्या तोंडावर बोलावं लागतं."

"तुला भीती नाही वाटत?"

"वाटते की! सकाळपासून ओकतेय. निम्मं या बाळामुळे, निम्मं भीतीमुळे."

मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. परत आले तेव्हा खोडलेल्या नावाच्या वर ते नाव पुन्हा लिहिलेले होते. ते अक्षर माझे नाही. तिला ते लिहिताना खालील दोन्ही साक्षीदारांनी पाहिले, आणि दोघांपैकी कोणीही तिला अडवले नाही.

सही: एर्मेलिंदा पेरेरा शिमेनेस
साक्षीदार: जुलियाना बेलो, सुईण
साक्षीदार: अनास्तासियो गुस्माव, धर्मगुरू
केलिकाई, १२ फेब्रुवारी २०२५