‘छाप’ म्हणायचं राहिलं होतं, भाऊ

प्रिय भाऊ,

आज दुपारी मी कारखान्यात प्रोग्रामरच्या जागेसाठी अर्ज दिला. आमच्या साहेबांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "शालनबाई, तुम्ही कार्डं उत्तम पंच करता. मग हे कशाला?" मी म्हटलं, "साहेब, कार्डांवर भोकं पाडून मी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम पंच करते. आता माझे लिहायचेत." तुम्ही जाऊन वर्ष होत आलं, तरी असं काही घडलं की पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटतं. म्हणून घरी आल्या आल्या लिहायला बसले.

आठवतं, मी पुण्याच्या कॉम्प्युटरच्या वर्गाला जाणार म्हटल्यावर नवलाख उंबरे गावचे काका किती बोलले होते? "पोरगी मशिन शिकायला धाडतोस? लगीन कदी करायचं तिचं?" देहूरोडच्या लष्करी डेपोत दिवसभर पेट्या उचलून आलेले तुम्ही. चहाचा कप खाली न ठेवता म्हणालात, "तिला वाटंल तवा." एवढंच. काका परत त्या विषयावर आले नाहीत.

वर्गात एक टाइपरायटरसारखं यंत्र होतं, तारेनं कॉम्प्युटरला जोडलेलं. बारा गुणिले सात असं टाइप केलं की खटखट करत खालच्या ओळीत चौऱ्याऐंशी! मी घरी येऊन सांगितलं तर तुम्ही चाळीत दारोदार जाऊन सांगून आलात. "आमच्या शालनशी मशिन बोलतंय!" इतकी घाई कशाला केलीत हो?

कारण मग तो गुरुवार आला. कारखान्यात पत्रे दाबणारी कुठली प्रेस आठवड्यात किती तास बंद राहिली, एवढीच बेरीज करणारा माझा पहिला प्रोग्रॅम. साहेबांनी नाखुशीनंच परवानगी दिली होती. कार्डांचा गठ्ठा जीपनं पुण्याच्या कॉम्प्युटरकडे गेला, आणि संध्याकाळी कागद परत आला. वर माझं नाव, खाली काम पूर्ण झाल्याची इंग्रजी ओळ, मध्ये काही नाही. एक आकडासुद्धा नाही! साहेबांनी तो कागद सगळ्या खोलीला दाखवला. "बघा, बाईंचा प्रोग्रॅम. छान स्वच्छ आहे." सगळे हसले. पुढच्या आठवड्यात एकदा बघू, नाहीतर हा नाद सोडा, असं त्यांनी बजावलं.

घरी तुम्ही दारातच विचारलंत, "काय बोललं मशिन?"

"काहीच नाही, भाऊ."

"बंद पडलं व्हतं का?"

"नाही. चाललं. चूकही दाखवली नाही."

"काम केलं आन बोललं न्हाई? आसं कसं?" तुम्ही मला आत घेतलंत. मग म्हणालात, "रविवारी जाऊ. मी येतो संगं. जेवून घे आता."

रविवारी वर्गाच्या सरांनी खास वर्ग उघडून दिला. तुम्ही बाहेर बाकावर बसलात, मी आत. माझ्या कार्डांवरच्या ओळी मी एकेक करून त्या यंत्रावर टाइप केल्या. प्रत्येक बेरजेचं उत्तर खाली उमटलं! मग त्याच ओळी कार्डांवर मुक्या का? मी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतल्या. बेरीज कर, पुढची बेरीज कर, थांब. आणि एकदम लक्षात आलं. उत्तर दाखव, असं मी कुठंच लिहिलं नव्हतं.

"सर, इथं ते न सांगता का दाखवतं मग?"

"कारण इथं तू समोर बसली आहेस," सर म्हणाले. "ओळ टाइप झाली की उत्तर दाखवायचं, अशी या यंत्राची सोयच केलेली आहे. गठ्ठ्यासमोर कोण बसलंय? तिथं ते बेरीज करतं, स्वतःजवळ ठेवतं आणि संपलं. कागदावर हवं असेल तर ‘छाप’ अशी वेगळी आज्ञा द्यायची."

"म्हणजे गुरुवारी बेरीज झाली होती?"

"झाली असणार. तू मागितली नाहीस!"

मी धावत बाहेर आले. तुम्हाला वाटलं, रडतेय. सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली. "लय आडमुठं हाय की तुजं मशिन!" रुमाल तोंडाला धरून, पाठ फिरवून उभे राहिलात. भाऊ, त्या रुमालावर रक्त होतं, हे मला नंतर आईकडून कळलं. मला का नाही सांगितलंत? आईलाही शपथ घातलीत, पोरीचा वर्ग बुडंल म्हणून. याचा राग अजून गेलेला नाही माझा. जाणारही नाही.

गठ्ठ्यात ‘छाप’ची कार्डं घातली आणि पुढच्या गुरुवारी कागद भरून आला. प्रत्येक प्रेस, तिच्यासमोर तास. साहेबांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. तोवर तुम्ही दवाखान्यात होतात. मी तडक तिथं आले. तुम्ही त्या आकड्यांवरून सावकाश बोट फिरवलंत.

"हे समदं त्यानं लिवलं?"

"व्हय, भाऊ."

शेजारच्या खाटेवरचे आबा डोळे मिटून पडले होते, तरी तुम्ही त्यांना हाक मारलीत. "आबा, हे बगा. लेकीनं सांगितलं तवा लिवलं त्यानं." ते आपलं शेवटचं धड बोलणं. मी अजून थोडा वेळ का बसले नाही?

सोमवारी मुलाखत आहे. चार इंजिनिअर येणार आहेत, असं साहेबांनी मुद्दाम ऐकवलं. येऊ देत. घेतलं नाही तर पुढची जागा निघेल तेव्हा पुन्हा अर्ज करीन. तोवर दुपारच्या सुट्टीत पंचिंगच्या पोरींना शिकवतेय. सुदुंबऱ्याची वत्सला आधी नुसती ऐकायला बसायची, आता मला अडवून प्रश्न विचारते. तिचा पहिला प्रोग्रॅम याच आठवड्यात पुण्याला जातोय. वचन देते, भाऊ, पुढच्या वेळी साहेबांच्या टेबलावर माझा एकटीचा अर्ज नसेल.

तुमची,
शालन