टिटवीचा उजवा कान

३ मार्च, मंगळवार

'टिटवी' चित्रकथेचा नवा अंक आला! आणि चित्रकार बदललाय. पाचव्या पानावरच माझं डोकं फिरलं. टिटवी गच्चीच्या कठड्यावर बसलीये, डावीकडून कुणीतरी हाक मारतं – आणि ही चक्क मान वळवते! अहो महाशय, डाव्या कानाने ती ठार बहिरी आहे. पुरात बस वाहून चालली होती तेव्हा ती ओरडली, पाणी दुभंगलं, बस वाचली आणि हिचा डावा कान कायमचा गेला. तिची ताकदच तशी. ओरडली की भिंती हादरतात, पण किंमत तिचेच कान मोजतात. एवढंही ठाऊक नसलेल्या माणसाच्या हातात ब्रश देतातच कसा?

जुना चित्रकार असली चूक करत नसे. उजवीकडचा आवाज तो काळ्या ठसठशीत अक्षरांत काढायचा, डावीकडचा नुसत्या कडांनी, आत पोकळ. म्हणजे 'धाडकन्' आपल्याला दिसतं, तिला ऐकू येत नाही. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझाही डावा कान लहानपणच्या तापात गेलेला. म्हणून तर चाळिशी उलटलेली मी बाई, शाळकरी पोरांच्या घोळक्यात उभी राहून चित्रकथा विकत घेते.

स्टॉलवाल्याला चूक दाखवली. म्हणाला, "ताई, लहान मुलांचं पुस्तक आहे, इतकं काय मनावर घ्यायचं!" मी त्याच्याशी बोलणार नाहीये.

५ मार्च, गुरुवार

दवाखान्यात कामावर नाकी नऊ आले. आमचे डॉक्टर दातांचे, तोंडावर कायम मास्क. ओठ दिसले नाहीत की हल्ली निम्मं बोलणं हवेतच विरतं. आज ते दारातून काहीतरी म्हणाले. मी आपलं "हो डॉक्टर" म्हटलं आणि पुढच्या पेशंटला आत पाठवलं. त्यांना हवं होतं बिल! खुर्चीतला माणूस आ वासून बघतोय, आत गेलेल्या बाई त्याच्याकडे बघतायत, डॉक्टर माझ्याकडे. मीही बघितलं सगळ्यांकडे.

उजव्या कानात परवापासून सूं सूं चालू आहे.

९ मार्च, सोमवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी दाबत होते, पण अंदाजाने. शाळेत उत्तर येत नसताना हात वर करायचे तसं. त्यांनी ते ओळखलं. नंतर समोर बसून, सावकाश, ओठ नीट हलवून बोलल्या. तेव्हाच मी समजले.

उजव्या कानाची नसही चाललीये. औषधाने थांबली तर थांबली. नाहीतर हळूहळू जाईल, किंवा एखाद्या दिवशी एकदम. नस गेली की यंत्राचाही उपयोग नाही.

"घरी कोण आहे?" त्यांनी विचारलं. म्हटलं, मुलगी. "तिला सांगा."

१० मार्च, मंगळवार

सांगितलं नाही.

१४ मार्च, शनिवार

का सांगत नाही? कारण मी तिला ओळखते. जूनमध्ये ती शिकायला दुसऱ्या शहरात जायचीये, प्रवेश मिळालाय, केवढी नाचली होती त्या दिवशी! तिचे बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. माझं हे कळलं की बॅग पुन्हा माळ्यावर जाईल. "मी इथेच शिकते गं आई, काय बिघडलं!" असं म्हणेल, हसून म्हणेल, आणि आयुष्यभर माझा टेलिफोन होऊन बसेल. ते मला नकोय.

आज मात्र चिडली. ती माझ्या मागून काही सांगत होती म्हणे, मी कणीक मळत राहिले. "तू माझं ऐकतच नाहीस! त्या टिटवीत तोंड खुपसून बसतेस नुसती." दार आपटून गेली. ते ऐकू आलं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१५ मार्च, रविवार

दिवसभर जुने अंक काढून बसले. या पुस्तकात सुख असं की इथे कुणाला "काय म्हणालात?" असं विचारावं लागत नाही. कुजबुज बारीक अक्षरांत, आरोळी पानभर. पाऊस पडतो तोही लिहून. ज्याचे कान शाबूत आहेत आणि ज्याचे नाहीत, दोघांना अगदी सारखंच ऐकू येतं.

आणि टिटवी तरी कशी! दिवसा सिनेमाच्या तिकीटखिडकीत बसते. खुर्ची तिरकी, उजवा कान काचेकडे. मालक ओरडतो – "लक्ष कुठे असतं तुझं?" ती सांगत नाही. अख्खं शहर तिने वाचवलंय, पण हे एक वाक्य तिच्या तोंडून निघत नाही. मला वाटायचं, केवढा हा मोठेपणा! आज वाटलं, मोठेपणा कसला, घाबरते ती. सांगितलं की खिडकी जाईल, मग ती नुसती बिचारी उरेल. तरी मला ती आवडतेच. आज जास्त आवडली.

१७ मार्च, मंगळवार

नवा अंक. स्टॉलवाल्याशी बोलावं लागलं, इलाज नव्हता. नव्या चित्रकाराचं चुकतंय का हे बघायला भिंग घेऊनच बसले होते म्हणा ना. पण एका चौकटीत टिटवी झोपलीये – उजवा कान उशीत दाबून. एवढंच. शब्द नाही, फुगा नाही. दिवसातला तेवढाच वेळ तिला काही ऐकायचं नसतं. मी तशीच झोपते! त्याला कसं कळलं? राग गेला माझा. पाचव्या पानाची चूक माफ.

पुढे इमारतीला आग लागते, वर माणसं अडकलीत, आणि आता ओरडली तर उजवा कानही जाणार. शेवटची चार पानं मी उघडली नाहीत. मला नाही बघायचं.

१९ मार्च, गुरुवार

दवाखान्याच्या दाराची बेल एक आजोबा म्हणे कितीतरी वेळ वाजवत होते. मी दारापासून चार हातांवर, फायली लावतेय. डॉक्टर स्वतः बाहेर आले. मास्क खाली ओढून म्हणाले, "बाई, कानात बोळे घातलेत का?" सगळे हसले. मीही हसले. मग आत जाऊन नळ सोडला आणि रडले. नळाचा आवाज फार लांबून येत होता.

औषधाचा गुण नाही.

२३ मार्च, सोमवार

लेकीचं काहीतरी बिनसलंय. जेवण अर्धवट टाकते. फोन आला की बाहेर जाते, परत येते ती डोळे लाल करून. आज दोनदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई…" म्हणाली. मी वळले तर म्हणाली, "काही नाही, उद्या बोलू."

मी इतके दिवस स्वतःचाच कान धरून बसलेय आणि पोर समोर सुकत चाललीये! बस झालं. डॉक्टरांना नंतर सांगता येईल, आधी तिला. उद्या सुट्टी घेतलीये. आधी तिचं सगळं ऐकून घेईन, मध्ये एक शब्द बोलणार नाही. मग माझं सांगेन. चिडली तर चिडू दे, राहते म्हणाली तर भांडेन. पण सांगेन.

२४ मार्च, मंगळवार

उठले तर काहीच नाही. सूं सूं सुद्धा नाही. भांडं मुद्दाम पाडलं. नाही.

स्वयंपाकघरात गेले. लेक खिडकीशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. बोलत होती. खांद्यांवरून कळत होतं. बराच वेळ बोलली. मध्येच थांबली, डोळे पुसले, पुन्हा बोलू लागली. पुढे जाऊन तिचं तोंड बघावं, एवढंच करायचं होतं. नाही गेले.

मग ती वळली. तेवढं ओठांवरून वाचता आलं – "ऐकलंस ना, आई?"

"हो," म्हणाले.

तिने गळ्यात हात टाकले आणि मला घट्ट धरून ठेवलं. कशासाठी, ते मला माहीत नाही.